सुईचा दिवस

"हिरा, सुपारी घेऊन बाहेर ये," एकनाथने हाक मारली.

हिरा बाहेर आली, पण तिच्या हातात सुपारीचं ताट नव्हतं. खांद्याला पिशवी होती आणि पायात चपला. तारापूरहून मुलगी बघायला आलेले पाचही जण त्या चपलांकडे बघत राहिले.

"बाबा, सव्वाअकराची यष्टी हाय. आज माझी सुई."

एकनाथ पाहुण्यांकडे वळून हसला. "जरा सर्दी हाय पोरीला. आठ दिवसांनी घेतली तरी चालते."

सकाळपासून सातपाटीच्या त्या घरात हेच चाललं होतं. आठ दिवस थांब, कोणाला कळू देऊ नकोस. आणि सकाळपासूनच हिराचा घसा खवखवत होता.

"सर्दी नाय," ती म्हणाली. "घसा सुजतो माझा, सारखा. चौसष्टच्या शिमग्यात असाच सुजला, न् पंधरा दिवसांनी गुडघे धरले, छाती धडधडायला लागली. पालघरचे डॉक्टर सांगतात, घशात जंतू शिरला की अंगातलं बळ त्याच्यावर धावून जातं. माझं बळ चुकतं. जंतूला मारता मारता काळजालाच मारतं. म्हनून दर चार आठवड्यांनी पेनिसिलीन टोचायचं, जंतूला शिरूच द्यायचं नाय. एक सुई चुकली तर काळीज जाईल."

आत आईच्या हातातलं भांडं खाली ठेवल्याचा आवाज झाला.

मुलाची आई येसूबाई पुढे सरकली. "न् लगीन झाल्यावर?"

"तरी जाईन. तारापूरवरनं जाईन. पोटुशी असले तरी जाईन."

"आमच्या घरात सुना विचारल्याबिगर बाहेर पडत नाय."

"बरं झालं, आजच बोललात," हिरा म्हणाली आणि पायऱ्या उतरली.

मागून बापाने दोन हाका मारल्या. पहिली रागाची होती, दुसरी विनवणीची. दुसरीला तिचा पाय अडखळला, पण ती वळली नाही.

संध्याकाळी ती सुईच्या दुखण्याने लंगडत परतली. एकनाथ ओटीवर जाळं शिवत बसला होता. वर न बघता म्हणाला, "नाय म्हनून गेले."

"बरं."

"गावभर झालं. आता कोनी यायचं नाय."

"येतील," हिरा म्हणाली. "फक्त पुढच्या महिन्याच्या सतराला बोलवू नका. त्या दिवशी मी घरी नसते."