प्लास्टिकचा पडदा

"वर्षभर एकाच नाकपुडीतून रक्त येतंय आणि हे महाशय नुसते थेंब लिहून देतायत." डॉक्टर वैजयंतींनी फॅमिली डॉक्टरची चिठ्ठी टेबलावर आपटली. समोर पांचाळमिस्त्रींचा स्कॅन होता. नाकातली गाठ सायनसचं हाड पोखरत डोळ्याच्या खोबणीला भिडली होती. असला कॅन्सर क्वचितच दिसतो, आणि दिसतो तो बऱ्याचदा लाकडाच्या भुशात जन्म गेलेल्यांमध्ये. "धंदा काय करता, एवढंही विचारलं नाही त्या माणसानं?"

मिस्त्रींनी रुमाल नाकावरून काढला. "त्यांना कशाला बोलता, मॅडम? बघितलं तर तुम्हीही होतं."

"मी? कधी?"

"गेल्या दिवाळीआधी. हे टेबल मीच केलं ना, इथंच बसून. पंधरा दिवस असाच रुमाल लावून पॉलिश पेपर घासत होतो. तुम्ही येऊन ओरडलात, स्कॅनच्या मशीनवर धूळ जातेय म्हणून."

वैजयंतींना सगळं आठवलं. रुमालावरचा लाल डागसुद्धा. मशीन कोट्यवधींचं होतं, म्हणून त्यांनी मिस्त्रींच्या कोपऱ्याला चारही बाजूंनी जाड प्लास्टिकचा पडदा लावायला लावला होता. धूळ आतच राहिली होती, आणि मिस्त्रीही.

चिठ्ठी अजून टेबलावरच पडली होती. त्यांना ती उचलवेना.

मिस्त्रींनी टेबलाच्या गुळगुळीत कडेवरून अंगठा फिरवला आणि थेट त्यांच्याकडे बघत विचारलं, "मशीनला काही झालं नाही ना, मॅडम?"