आईची खासगी खिडकी

"अगं, मी काय शोधलं ते मागे राहायला नको," आई हळूच म्हणाली. "ह्यांना तर अजिबात कळायला नको."

माहेरी आलेल्या लेकीला हसू आवरेना. सत्तरीत कसली आली गुपितं! तिने संगणकावर खासगी खिडकी उघडून दाखवली. इथे हवं ते शोधायचं. बंद केली की मागमूस उरत नाही.

"नक्की?"

"बाबांच्या तीर्थरूपांनाही पत्ता लागणार नाही."

आईला हायसं वाटलं. तिने ती खिडकी पुन्हापुन्हा उघडून, मिटून पाहिली.

तेवढ्यात बाबा चहा घेऊन आले आणि त्यांची गाडी सुरू झाली. जन्मभर चष्म्याचं दुकान चालवलेला माणूस. बोलायला गिऱ्हाईक लागायचंच. आता गिऱ्हाईक म्हणजे आई.

"तू दुकानात निळी छत्री विसरलीस ना, ती मी मुद्दामच परत केली नाही. म्हटलं, शोधत येईल. आलीस! पुढे तीच छत्री घेऊन आपली ही धाकटी शाळेत जायची. छत्री मोठी, पोरगी एवढीशी. नुसते पाय दिसायचे." बाबांनी लेकीकडे बोट दाखवलं.

"बाबा, किती वेळा तेच! आईला पाठ झालं असेल."

पण आई कान देऊन ऐकत होती. लेकीला त्या छत्रीचा वाकडा दांडा आठवला, दुकानातल्या काचा पुसायच्या मऊ फडक्याचा वास आठवला, आणि भरून आलं. ते दिवस फार चांगले होते.

"माझी धाकटी ती," आई एकदम म्हणाली आणि तिने लेकीचा हात घट्ट धरला.

चहा झाल्यावर बाबांनी लेकीला स्वयंपाकघरात बोलावलं.

"ती खासगी खिडकी काढून टाक."

लेक चपापली. "म्हणजे तुम्ही आईचं सगळं बघता? या वयात पाळत ठेवता तिच्यावर? मी नाही काढणार. शब्द दिलाय तिला."

बाबा कप विसळत राहिले.

"ती काय शोधते ते दिसलं नाही, तर चहाच्या वेळी कुठली गोष्ट सांगायची ते मला कसं कळणार?"

"म्हणजे?" लेकीचा आवाज खाली आला. "आज काय शोधलं होतं तिने?"

बाबांनी नळ बंद केला.

"घरी आलेली मुलगी आपली कोण लागते, हे तिला वाईट न वाटता कसं विचारावं."