एका पायावरचा भार

"ह्या बदलून हव्यात," तोरुनने लेकीच्या गेल्या वर्षीच्या स्की दुकानाच्या काउंटरवर ठेवल्या. "नव्या बघून तरी हिला हुरूप येईल. खरं सांगू का गुदमुनकाका, हिला चढ नकोच असतो. अंग चोरते."

आठ वर्षांची विल्या लोकरी टोप्यांकडे बघत राहिली.

म्हाताऱ्या दुकानदाराने स्कीला हात लावला नाही. "फिरता कुठं?"

"शाळेमागच्या जंगलात. तो लांब चढ आहे ना, तिथंच."

"म्हणजे बर्फ सकाळी काच, दुपारी चिखल. पकडीसाठी रोज स्कीला खालून मेण घासत बसशील?"

"कुठला वेळ, काका! धाकटा सहा महिन्यांचा आहे."

"मग खाली केसाळ पट्टीवाल्या घे. ती पट्टीच बर्फाला धरते, मेणाची कटकट नाही. पण थांब, ह्या बघू आधी." त्याने जुन्या स्की जमिनीवर मांडल्या. "चढ गं पोरी. आता सगळा भार एका पायावर."

स्कीचे बूट घातलेलेच होते. विल्या स्कीवर चढली, एका पायावर तोल सावरत उभी राहिली. गुदमुनने तिच्या पावलाखाली, स्की आणि फरशीच्या फटीत, एक कागद सरकवला. कागद पुढे गेला, मागे आला. कुठे अडला नाही.

"हा दाबला जायला हवा," तो म्हणाला. "हिच्या वजनानं स्कीची कमान वाकतच नाही. मधला भाग बर्फाला टेकल्याशिवाय पकड कुठली? आज ही गत, तर गेल्या वर्षी काय झालं असेल! पाय मारायचा आणि मागं यायचं."

तोरुनच्या डोळ्यांपुढे गेल्या वर्षीचा तो चढ आला. सगळा वर्ग पुढे गेलेला. विल्या पाचव्यांदा घसरून बर्फात बसलेली. आणि जंगलभर तिचा स्वतःचाच आवाज, बाकीच्या आया ऐकत असताना: "ऊठ, अंगचोर कुठली!"

"कुणी निवडल्या ह्या?" गुदमुनने विचारलं.

दोन वर्षं पुरतील म्हणून तोरुननेच जास्त वजनाच्या मुलांसाठीच्या घेतल्या होत्या. तिने तोंड उघडलं.

"मी," विल्या म्हणाली. "मला लाल रंग आवडला."

"हात्तिच्या! रंगानं कुणी चढ चढतं होय?" म्हातारा हसत नव्या स्की आणायला आत गेला.

तोरुन खाली वाकून लेकीच्या बुटाची कडी सोडवू लागली. पाच वर्षांची झाल्यापासून ती कडी विल्या कुणाला काढू देत नसे. आज तिने पाय पुढे केला, आणि तोल जाऊ नये म्हणून आईच्या डोक्यावर हात ठेवला.