जसंच्या तसं परत गेलेलं ताट

"तक्रारवही आणा!" वॉर्डात पाऊल टाकताच मुलगा कडाडला. आवाज असा, की सलाईनचे थेंबही थबकावेत. "माझा बाप दोन दिवस जेवला नाही आणि तुम्ही इथे गप्पा हाणताय?"

सिस्टरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दोन दिवस तीच म्हाताऱ्याला चमचा चमचा सूप भरवत होती. तिने वही त्याच्यापुढे आपटली.

तो लिहू लागला, सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचत. "ताट जसंच्या तसं परत जातं. कुणी विचारत नाही. घरी आम्ही यांना तळहाताच्या फोडासारखं जपतो..."

"एकाच घरात राहता ना, साहेब?"

"म्हणजे काय! बापाला वाऱ्यावर सोडणाऱ्यांतले नाही आम्ही."

"मग गडबडीत घरी राहिलेली कवळी तेवढी आणून द्या."

"कुणाची कवळी?"

पेन थांबलं. शेजारच्या खाटेवरचा पेशंट उठून बसला.

"बापाच्या तोंडात एकही दात नाही, हे माहीत नाही तुम्हाला?" आता वॉर्डात तिचाच आवाज होता. "लिहा ना! हेही लिहा!"

म्हाताऱ्याने घाईघाईने तिचा हात धरला.

"त्याला नका बोलू, सिस्टर. सहा वर्षं झाली, कामवाली माझं ताट माझ्या खोलीत आणून ठेवते. त्याने मला जेवताना पाहिलंय कुठे?"