शनिवारचं नाटक

आईचं शिवणकाम घरातच चालायचं. काम करताना ती टाचण्या ओठांत धरायची, त्यामुळे शाळेतून आलेल्या लेकीने काहीही विचारलं तरी उत्तर मिळायचं नाही. तोंड मोकळं होईपर्यंत लेक आतल्या खोलीत गेलेली असायची.

आज ट्रायलला आलेल्या काकूंनी आरशातूनच त्या नववीतल्या पोरीला विचारलं, "काय गं चिमणे, शाळा काय म्हणतेय?"

"शनिवारी नाटक आहे. मी राणी झालेय."

"अगंबाई! मग आई पहिल्या रांगेत बसणार!"

काकूंच्या पायाशी बसून घेर टाचणाऱ्या आईचे हात थांबले. नाटकाचं ती आत्ताच ऐकत होती.

पोरगी आवाज खाली आणून म्हणाली, "तिला सांगितलंच नाही, काकू. मी काही बोलले की तिला राग येतो. एक शब्द बोलत नाही मग."