चारच चौकोन

नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगन शहरात एका सायकलच्या दुकानावरच्या माळ्यावर मारिट आणि योरिसने मिळून डिझाइनचा स्टुडिओ थाटला होता. नाव मारिटनेच सुचवलेलं, लोगोही तिच्याच हातचा. यंदा गिऱ्हाइकांची कामं बाजूला ठेवून स्वतःच्याच वेबसाइटला नवं रूप द्यायचं ठरलं.

"'आमची माणसं' हे पान तूच कर, मारिटबाई," योरिस म्हणाला. "तुझी सर कुणाला येणार? फक्त फोटोंचे चौकोन चारच ठेव."

माणसं म्हणजे ते दोघं, हाताखालच्या दोन मुली आणि स्टुडिओचा लाडका कुत्रा पोफर्ट. मारिटने जड मनाने पोफर्टचा फोटो काढून टाकला, उरलेल्या चौघांना झकास मांडलं आणि लॅपटॉप योरिसकडे वळवला.

"अगं, पोफर्टला कशाला काढलंस? लोक त्याला बघायलाच तर येतात!"

"मग पाच होतात, शहाण्या!"

योरिस बिनसाखरेची कॉफी उगाच ढवळत राहिला.



"चारच. त्याला तुझ्या जागी बसव."