शेवटच्या सतारीचा भोपळा

"नवं काम घेणं बंद केलंय, पोरी," मिरजेचे सतारमेकर दस्तगीरचाचा खांदा चोळत म्हणाले. चाळीस वर्षं सतारी घडवून ते पार थकले होते.

सेनेगलहून शिकायला आलेल्या आवानं तरीही तिकडचं वाद्य, कोरा, पुढे ठेवलं. एकवीस तारांखाली अर्धा भोपळा, तोही तडकलेला.

"तुमच्याकडेही भोपळाच?" चाचांनी विचारलं.

तिनं मोबाइलवर तिकडचं एक गाणं लावलं. ड्रम आणि इलेक्ट्रिक गिटारच्या गलक्यातही कोरा स्वच्छ ऐकू येत होता. चाचांनी गाणं तीनदा लावायला सांगितलं. मग ते दम खात माळ्यावर चढले. स्वतःच्या शेवटच्या सतारीसाठी वाळवून ठेवलेला भोपळा त्यांनी उतरवला, टिचकी मारून ऐकला आणि मधोमध करवत लावली.

"उरलेल्या अर्ध्याचं काय?" आवानं विचारलं.

"त्याचा दुसरा कोरा. तारा बांधायला तू शिकव."